जांभूळच्या दोन खेपा

सांगलीहून उल्हासनगरला कोणी हवापालटाला जात नाही. त्यामुळे मी पाच दिवस तिकडे जाऊन आले म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न, "जीन्स आणली का?" आणल्या. दोन आणल्या, त्यातली एक भाच्याला आखूड झाली. पण मी गेले होते वेगळ्याच कामाला, आणि ते समजावं म्हणून आधी मी काय करते ते सांगते.

मी लहान मुलांच्या हृदयाची चित्रं काढते. छातीवर जेल लावून प्रोब फिरवला की पडद्यावर हृदय हलताना दिसतं, तो इको. गेली सव्वीस वर्षं हेच काम. डॉक्टर नाही मी, तंत्रज्ञ आहे. माझा नवरा म्हणतो, "हिला माणसं चेहऱ्याने लक्षात राहत नाहीत, झडपांनी राहतात." खोटं नाही ते.

काही मुलं जन्मतःच निळी पडतात. फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते, आत भोक असतं. तान्हेपणीच ऑपरेशन करून वाट मोकळी करतात, मूल गुलाबी होतं, घरात पेढे वाटले जातात. पण गोष्ट तिथे संपत नाही. वाट मोकळी करताना तिथली झडप पुष्कळदा गळकी होते, आणि मागे गळणाऱ्या रक्ताने उजवा कप्पा हळूहळू ताणत जातो. वर्षानुवर्षं कुणाला काही कळत नाही. मूल खेळतं, शाळेत जातं. पुढे कधीतरी नवी झडप बसवावी लागते. फार लवकर बसवली तर मूल वाढतं, झडप लहान पडते आणि पुन्हा छाती उघडावी लागते. फार उशीर केला तर कप्पा ताणलेला तो ताणलेलाच राहतो. मग नेमकी वेळ कोणती, हे शोधायला काही शहरांतल्या हॉस्पिटलांनी एकत्र यायचं ठरवलं. सगळीकडे एकाच पद्धतीने, एकाच क्रमाने चित्रं घ्यायची, नाव काढून नंबर घालायचा आणि एका ठिकाणी पाठवायची. तिथले डॉक्टर ती वाचतात, मापं मांडतात आणि कळवतात.

यात एक मेख आहे. कप्पा मोठा की लहान, हे नुसत्या सेंटिमीटरवर ठरत नाही. पाच वर्षांच्या पोराला जो बूट ढगळ होतो तोच दहा वर्षांच्याला बरोबर बसतो. म्हणून चित्राआधी मुलाची उंची आणि वजन घ्यायचं, आणि कप्प्याचं माप त्या अंगाशी जोखायचं. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं याच्यावर आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या मुलांची चित्रं एरवी तिथलीच एक मुलगी घ्यायची. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली, आणि ऐन थंडीत मला सांगण्यात आलं, "तुम्ही पाच दिवस जाऊन या." तर मी गेले.

सोमवार, उल्हासनगर

माझी उतरायची सोय एका ट्रस्टच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर होती. दारात गोबिंदराम दादा उभे. सत्तरीचे, पांढरा सदरा, पूर्वी जीन्सचा कारखाना होता, तो आता मुलगा बघतो आणि हे दवाखाना बघतात. मशीनची पेटी मी हातातून सोडायला तयार नव्हते आणि ते मला उचलू द्यायला तयार नव्हते, त्यामुळे आम्ही दोघं मिळून ती जिन्याने वर नेली. मग पाणी आलं, आणि पाण्यासोबत भाजलेला पापड.

आमच्याकडे पाहुण्याला गुळाचा खडा देतात, फार तर चहा. नुसत्या पाण्याबरोबर पापड मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मला वाटलं, जेवण वाढताहेत आणि ताट यायचंय. मी वाट बघत बसले. दादाही माझी वाट बघत बसले. शेवटी म्हणाले, "दीदी, खाओ ना. बाहेरून आल्यावर नुसतं पाणी लागतं. पापड खाया तो पाणी बाधत नाही." मी खाल्ला. मिऱ्यांचा झणका होता. पुढच्या पाच दिवसांत मी किती घरांत किती पापड खाल्ले याची गणती नाही, आणि आता सांगलीत नुसतं पाणी पुढे आलं तर मला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

मंगळवार, उल्हासनगर

सकाळी दाल पकवान. पकवान म्हणजे पुरीच्या आकाराचं, पण पुरीसारखं मऊ नव्हे, मोडलं तर शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं खुसखुशीत. वर घट्ट चणाडाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. मी दोन खाल्ली आणि तिसऱ्याला नाही म्हणताना माझा आवाज फार बारीक निघाला.

इथे शहराचे पाच भाग, फाळणीत सिंधहून आलेल्या लोकांच्या छावण्यांवरून त्यांना अजून कॅम्प म्हणतात, आणि पत्ता सांगताना लोक आज तिथे काय आहे ते न सांगता पूर्वी काय होतं ते सांगतात. "वो पुरानी कोयले की दुकान के सामने." ती कोळशाची वखार बंद होऊन कितीतरी वर्षं झाली असतील. पण दादांना सगळं पाठ. गल्लीगल्लीत शिलाई मशीनची घरघर, दारादारात निळ्या कापडाचे गठ्ठे, आणि त्यांतून वाट काढत आमची जुनी गाडी.

दिवसभरात पाच मुलं झाली. थंडीत जेल फार गार लागतं, म्हणून मी बाटली गरम पाण्याच्या डब्यात ठेवते. एका घरच्या आजीने तो डबा पाहिला आणि मी डबा घेऊन आले म्हणून तिला राग आला. आमच्या घरी जेवणार नाही का, असं तिचं म्हणणं. मी झाकण उघडून बाटली दाखवली तर ती हसत सुटली. जेवायला मात्र बसावंच लागलं. कढी होती, पण ताकाची नव्हे, बेसनाची आणि चिंचेची, भेंडी आणि शेवग्याच्या शेंगा घातलेली, भातावर ओतून. आमच्या पिवळ्या कढीची आठवण काढायची नाही असं ठरवून खाल्ली, आणि दुसऱ्या घासाला खरंच आली नाही.

बुधवार, बदलापूर आणि जांभूळ

बदलापुरातली दोन मुलं सकाळीच उरकली. नव्या उंच इमारती, खाली रिक्षांची रांग, मागे डोंगर. मग आम्ही जांभूळला निघालो. शहर संपतं तिथे पाणी शुद्ध करायचं मोठं केंद्र आहे, आसपासच्या औद्योगिक वसाहतींना इथून पाणी जातं. पुढे भातखाचरं, कापून झालेली, नुसती धसकटं उरलेली. काही तुकड्यांत वाल पेरलेला. गाडीची काच खाली केली तर हवा अशी गोड की दादासुद्धा दोन मिनिटं बोलायचे थांबले.

तन्वीचं घर गावाच्या टोकाला. तन्वी नऊ वर्षांची, दहा महिन्यांची असताना ऑपरेशन झालेली. तिचे वडील त्या पाण्याच्याच केंद्रात कामाला, ते पाळीवर गेले होते. घरी आई कल्पना आणि आजोबा. आजोबा ओटीवर मांडीत जाळं घेऊन बसलेले. पाग म्हणतात त्याला, नदीत फेकून मासे धरायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात म्हणजे ते बुडतं.

"बाय, तूच सांग," मी बसायच्या आत ते मला म्हणाले, "माज्या पागाच्या निम्म्या गोल्या कोनी काढून नेल्या? उंदीर शिसा खातंय काय?"

"बाबा, मॅडमना कामाचं करू द्या," कल्पना आतून म्हणाली.

ओटीवरच मी वजनकाटा मांडला. शेजारच्या बायका, पोरं बघायला जमली होती. तन्वी बाहेर आली ती जीन्सचं जाकीट घालून, हात खिशात, अगदी ऐटीत पण हळूहळू चालत. नियम असा की मूल अनवाणी आणि पातळ कपड्यांत हवं. मी म्हटलं, "जाकीट काढ गं." पोरगी लाजली, सगळे बघत होते, त्यात थंडी. कल्पना म्हणाली, "राहू द्या ना मॅडम, तिला सर्दी झालेली."

मी म्हटलं, राहू दे. काट्यावर साडेचोवीस आलं. जाकिटाचा म्हणून अर्धा किलो मी माझ्या हुशारीने वजा केला आणि चोवीस लिहिलं. गेल्या वर्षीच्या कागदावर एकवीस पॉइंट दोन होतं. "छान वाढलीय की," मी म्हणाले, आणि कल्पनाचा चेहरा असा उजळला की मलाच बरं वाटलं.

आत खाटेवर तिला झोपवलं. जाकीट काढल्याबरोबर कल्पनाने ते घेतलं, घडी घातली आणि मांडीवर ठेवून बसली. चित्रं संपेपर्यंत हात त्याच्यावरच. मी ते बघितलं आणि काही मनात आणलं नाही. पडद्यावर उजवा कप्पा मोठा दिसत होता, पण मोठा तर तो या सगळ्याच मुलांचा असतो. तन्वीच्या बरगड्या मात्र मला बोटाखाली एकेक कळत होत्या. चोवीस किलोच्या पोरीच्या बरगड्या अशा लागत नाहीत. हे आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा माझं लक्ष पडद्यावर होतं. आम्हा लोकांचं हेच होतं, पडदा दिसला की मूल दिसत नाही.

कल्पनाला वजन-उंचीचा एक कागद लिहून दिला, तिच्या फाइलीत राहावा म्हणून. मग जेवण. तांदळाची भाकरी, पांढरीशुभ्र, पाण्याच्या हाताने थापलेली, आणि वालाचं बिरडं. आमच्या ज्वारीच्या भाकरीला तोंडात जरा मेहनत लागते. ही घशाखाली गेल्याचं कळतही नाही, त्यामुळे किती झाल्या ते उठतानाच समजतं. आजोबा जेवतानाही गोळ्यांचंच बोलत होते.

संध्याकाळी खोलीवर येऊन सगळ्या मुलांची चित्रं पाठवून दिली.

गुरुवार, अंबरनाथ

सकाळी आठलाच वाचणाऱ्या डॉक्टरांचं उत्तर आलेलं. तन्वीच्या नंबरापुढे लिहिलं होतं, कप्पा ताणलेला, पण अंगाच्या मानाने मर्यादेत. काठावर आहे. पुढची तपासणी एक वर्षाने.

मी गाडीत बसल्या बसल्या कल्पनाला फोन केला. खरं तर निकाल कळवणं माझं काम नाही, पण चांगली बातमी पोटात ठेवायची मला सवय नाही. तिने ऐकलं आणि लांबून तिचा आवाज ऐकू आला, "बाबा, चांगला आलाय," आणि फोन कट झाला. दादांनी डोळे पुसले. त्यांचं आणि कल्पनाचं काही नातं नाही, पण तो माणूस तसाच आहे.

अंबरनाथला आम्हाला बुवापाड्यात जायचं होतं, पण आरवच्या आईने, सुनंदाने, फोन करून सांगितलं की ती मुलाला घेऊन शिवमंदिरात आहे, तिथूनच सगळे घरी जाऊ. मला ते मंदिर बघायचंच होतं. काळ्या दगडाचं, अंगभर कोरलेलं, एक बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. गाभाऱ्यात जायला वर चढायचं नसतं, पायऱ्या उतरायच्या असतात. आमच्याकडच्या देवळांत देवापाशी चढून जायची सवय, इथे खाली गेले तर एकदम गार, ओलसर, आणि वर पाहिलं तर उजेड. मी बराच वेळ तिथे उभी राहिले. पोटातून शांत वाटलं.

आरव आठ वर्षांचा. ऑपरेशन तेच. तो त्या पायऱ्या खालीवर करत होता आणि त्याची आई त्याला ओरडत नव्हती. सुनंदा औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जाते, बोलणं फटाफट.

"पळू देते मी," ती म्हणाली. "मॅडम, त्याचा दम मोजायचं हेच माझं मशीन आहे. बसला मधेच तर समजायचं, कुछ तो गडबड है."

तिच्या घरी गेलो. दहा बाय बाराची खोली, लखलखीत घासलेली भांडी, एका भिंतीला दुमडायची खाट. मी काटा मांडला तर ती म्हणाली, "दहा मिनिटं थांबून घ्या हां वजन. आत्ताच बाटलीभर पाणी पिऊन आलाय तो. फुकटचा अर्धा किलो जास्त दाखवेल."

मी हसले. "बरं झालं सांगितलंत."

"आता सांगते. पहिले नसते सांगितलं." ती खाली बसली. "लहान होता तेव्हा डॉक्टर बोलायचे, वजन भरलं की ऑपरेशन. वजन काही भरायचं नाय. मग वॉर्डात जुन्या आया नव्या आयांना शिकवायच्या. केळी चारून न्या. पाणी पाजा. पायातले वाळे काढू नका. एक बाई तर लंगोटात काय काय बांधायची. आपला ग्रुप आहे ना फोनवर, त्यात अजून चालतं. वजन कमी आलं की पोरगं नापास झाल्यागत वाटतं, काय करणार?"

मी हसतच होते. मग माझं हसू जागच्या जागी थांबलं. हळूहळू चालणारी पोरगी. मांडीवर घट्ट धरलेलं जाकीट. आणि आजोबांच्या पागाच्या निम्म्या गोळ्या.

आरवचं वजन घेतलं, उंची घेतली, सगळी चित्रं घेतली. हात आपोआप चालतात. डोक्यात एकच हिशोब. तन्वीचं खरं वजन गेल्या वर्षीएवढंच असेल, तर तोच कप्पा त्या अंगाला मोठा. आणि डॉक्टरांनी लिहिलं होतं, काठावर आहे.

खोटं कशाला बोलू, गाडीत बसल्यावर पाच मिनिटं मी गप्प राहायचं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी सांगलीला जाणार होते. कागदावर सगळं नीट होतं. सकाळीच त्या बाईला आनंदाची बातमी दिलेली, आणि चूक निम्मी माझी. जाकीट मी काढायला लावलं नव्हतं, वर अर्धा किलो वजा करून शहाणपण केलं होतं. एका वर्षाने पुन्हा तपासणी आहेच, तेव्हा कळेल, असंही मी मनाला सांगून बघितलं. पण ते वर्षच तर तन्वीकडे नसेल. मला स्वतःची लाज वाटली.

"दादा, परत जांभूळला जायला लागेल."

त्यांना सगळं सांगितलं. ते दुपारी कारखान्यात मुलाला भेटणार होते. त्यांनी फक्त गाडी वळवली. "बैठो आरामसे," म्हणाले. "जांभूळ है, कराची थोडी है."

कल्पना अंगणात वाल सोलत होती. आम्हाला बघून उठली. आधी हसली, मग माझ्या हातातला काटा बघितला आणि तिचं हसू गेलं.

"तुमी परत कशाला आलाव मॅडम?"

"वजन पुन्हा घ्यायचंय गं. काल माझं चुकलं. जाकीट काढायला हवं होतं."

तन्वी शाळेतून आली होती, पातळ फ्रॉकमध्ये होती. ती आईकडे बघायला लागली. कल्पनाने मान हलवली तशी चपला काढून काट्यावर उभी राहिली. एकवीस पॉइंट चार.

आजोबा ओटीवर होते. कल्पना आत गेली, जाकीट घेऊन आली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं. खालची दुमड तिने उसवली. गोळ्या टपटप पडायला लागल्या. कॉलरमधून पडल्या, कमरेच्या पट्टीतून पडल्या. बारीक, हाताने घातलेले टाके, शिंप्यालाही जमणार नाहीत असे. म्हाताऱ्याने एक गोळी उचलली, बघितली, ठेवली. "तुला मागता नय आल्या?" एवढंच म्हणाला. मी तन्वीला आधी हात धुवायला पाठवलं, शिसं मुलांच्या हाताला चांगलं नाही.

मला वाटलं होतं कल्पना रडेल, नाहीतर माफी मागेल. तिने दोन्ही केलं नाही. माझ्यासमोर बसली आणि सरळ माझ्याकडे बघत बोलली.

"ही सात महिन्यांची होती तेवा नेली. वजन नय, परत न्या. नवव्या महिन्यात नेली. परत वजन नय. आमच्या बाजूच्या खाटेवर एक बाल होता. तो वजन भरायची वाट बघत गेला. माज्यासमोर गेला. मग दहाव्या महिन्यात मी माज्या आईचे चांदीचे कडे हिच्या लंगोटात बांधले. दोनशे ग्रॅम कमी पडत होते, ते भरले. ऑपरेशन झाला. पोरगी वाचली. तेवा मी खोटा केला म्हणून ती समोर आहे मॅडम. मना सांगा, मी खोटा सोडू कशी?"

तेव्हा ते धोक्याचं होतं हे मला ठाऊक आहे. भुलीचं औषधसुद्धा वजनावर देतात. पण ते वाक्य त्या बाईसमोर माझ्या तोंडून निघेना. मी शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "कल्पना, तेव्हा वजन भरलं की दार उघडणार होतं. आता उलटं आहे. आता तू वजन भरलंस, तर दार उघडायची वेळ झाली तरी आम्हाला कळणार नाही. आम्ही बाहेरच बसून राहू."

"मंजे आजचा चांगला रिपोर्ट..."

"चांगला नाहीये बहुतेक. मी तुला उगीच फोन केला. चुकलं माझं."

तन्वी हात पुसत दारात उभी होती. मी तिला विचारलं, "तुझा वर्ग कुठल्या मजल्यावर आहे?"

"दुसऱ्या."

"एका दमात जातेस?"

तिने आईकडे पाहिलं. "नाय. मधे बसते पायरीवर. दोनदा."

"कवापासून?" कल्पनाने विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

"दिवाळीपासून. तुला सांगितलं तर तू परत रडशील ना."

आई डॉक्टरांपासून लपवत होती आणि पोरगी आईपासून. आता कल्पना रडली, पोरीला जवळ ओढून, तोंड तिच्या केसांत खुपसून. गोबिंदराम दादा अंगणात जाऊन उगीचच गाडीची काच पुसत राहिले. आजोबा गोळ्या गोळा करत होते.

तिथेच ओटीवर बसून मी फोनवरून डॉक्टरांना लिहिलं. वजन चुकीचं होतं, जाकीट न काढता मी ते घेतलं, अंदाजाने वजा केलं, खरं वजन हे, आणि जिन्याचंही लिहिलं. गोळ्यांचं मात्र लिहिलं नाही. ती कल्पनाची गोष्ट होती. मोठ्या डॉक्टरांना "माझी चूक" असं लिहिताना सव्वीस वर्षांची नोकरी बोटांवर येऊन बसली होती, पण पाठवलं.

शुक्रवार, परतताना

उत्तर सकाळी आलं. डॉक्टर मला रागावले नव्हते, ते मला जास्त लागलं. लिहिलं होतं, कळवलंत हे उत्तम झालं. नव्या वजनावर कप्पा मर्यादेच्या बाहेर जातो. मुलीला या महिन्यातच मुंबईला बोलवा, एमआरआय करू. आणि आजपासून सगळ्या शहरांत वजन दोनदा घ्यायचं, चित्राआधी एकदा आणि चित्रानंतर, मूल खाटेवरून उठेल तेव्हा, आहे त्या कपड्यांत. आता हा नियम सांगलीतही आहे आणि बाकीच्या शहरांतही. तो कुठून आला हे कुणी विचारत नाही.

निघताना दादांनी डब्यात कोकी दिल्या. कांदा-मिरची घातलेली जाड पोळी, दोनदा भाजलेली, दोन दिवस टिकते म्हणे. पुण्यापर्यंतसुद्धा टिकली नाही.

तन्वीचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही जीव मुठीत धरून बसाल. एमआरआयमध्ये कप्पा डॉक्टरांना वाटलं होतं त्याहून थोडा जास्तच ताणलेला निघाला. झडप बसवली. ऑपरेशन नीट झालं. परवाच्या चित्रात कप्पा आत यायला लागलाय. मी ते चित्र तीनदा पाहिलं.

पण मला सांगायचंय ते ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचं. दुपारी मी एका बाळाचा इको करत होते आणि कल्पनाचा फोन आला. नंतर करते म्हणाले असते, पण उचलला.

"मॅडम, अॅडमिट केलाय," ती म्हणाली. "सिस्टर फॉर्म भरत होत्या. वजनाचा काटा दुसरीकडे नेलेला, तर त्यांनी माजी फाइल उघडली. त्यात तुमचा तो कागद होता, चोवीसचा."

तो कागद परत घ्यायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. माझ्या अक्षरातला, माझ्या सहीचा.

"त्या चोवीस लिहायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, नका लिहू, तो आकडा खोटा आहे, मी पोरीच्या अंगावर शिसा बांधला होता. काटा आणा. सगला वॉर्ड माज्याकडं बघत राहिला मॅडम. मग काटा आणला त्यांनी."

"किती आलं?" मी विचारलं.

"वीस पॉइंट नऊ. अजून कमी झालीय. मीच वाचून दाखवला त्यांना. लिहा म्हटलं."

खाटेवरच्या बाळाची आई माझ्याकडे बघत होती. मी प्रोब खाली ठेवला, डोळे पुसले, आणि त्या बाळाचं वजन पुन्हा एकदा घेतलं.